माउंट हॉलीचा शिंपी जॉन वूलमन

मंडळ्यांमध्यें बोलणें निघालें म्हणजे एक प्रश्न वारंवार पुढें येतो. गांवांत कोणाची मजुरी बुडविली जात असली, कोणास कर्जापायीं राबविलें जात असलें, कोणास पाणवठ्यावर अथवा पंक्तींत दूर ठेविलें जात असलें, तर ख्रिस्ती मनुष्यानें काय करावें? कांहीं बंधु म्हणतात कीं, सरकारांत अर्ज करावा, सभा भरवावी, कायदा करवून घ्यावा. एकट्यादुकट्याच्या सद्वर्तनानें जगाची रीत पालटत नाहीं. दुसरे म्हणतात कीं, कायद्यानें माणसाचें हृदय पालटत नाहीं. ज्यानें त्यानें आपलें वर्तन शुद्ध ठेवावें, म्हणजे झालें. दोन्ही पक्षांचे लोक प्रामाणिक आहेत. परंतु दोन्ही पक्षांत आळशी मनुष्यास लपावयास जागाहि आहे. एका पक्षाचा आळशी मनुष्य कायद्याची वाट पाहत बसतो, आणि दुसऱ्या पक्षाचा आळशी मनुष्य आपल्या घरापुरता सज्जन राहून शेजाऱ्याचें दुःख विसरतो.

ह्या प्रश्नाचा विचार करितांना आम्हांस एका शिंप्याची आठवण होते. तो अमेरिकेंत राहत असे, आणि त्यास मरून अडीचशें वर्षें होऊन गेलीं आहेत. तो राजा नव्हता, सरदार नव्हता, कायदेमंडळाचा सभासद नव्हता. सुई, दोरा, फळझाडांची एक लहानशी बाग आणि लिहितां येणारा हात, एवढीच त्याची संपत्ति. तरी गुलामगिरी मोडण्याच्या कामीं ज्यांचीं नांवें इतिहासांत आहेत, त्यांत त्याचें नांव फार वर धरितात. त्याचें चरित्र आज थोडक्यांत सांगतों.

जॉन वूलमन ह्याचा जन्म इ. स. १७२० च्या आक्टोबर महिन्यांत न्यू जर्सी प्रांतांत, रँकोकस गांवाजवळ एका शेतकरी कुटुंबांत झाला. त्या काळीं तो प्रांत इंग्लंडच्या राजाच्या अंमलाखालीं होता. जॉनचे आईबाप क्वेकर पंथाचे होते. ह्या पंथाचे लोक आपणांस मित्र म्हणवीत. त्या वेळीं त्यांच्यांत पगारी पाळक नसे. सर्वजण शांत बसून प्रभूची वाट पाहत, आणि ज्यास आंतून प्रेरणा होई तो उठून बोले. शस्त्र धरणें, शपथ वाहणें आणि डामडौल करणें ह्या गोष्टी ते वर्ज्य मानीत.

जॉन लहान असतांना घडलेली एक गोष्ट त्यानें पुढें आपल्या रोजनिशींत लिहून ठेविली आहे. एके दिवशीं शेजाऱ्याकडे जातांना त्यानें रॉबिन जातीची एक पक्षीण घरट्यावर बसलेली पाहिली. तो जवळ जातांच ती उडाली, आणि पिलांच्या काळजीनें घिरट्या घालूं लागली. त्यानें खेळाखेळांत दगड मारिले, आणि एक दगड लागून ती मेली. प्रथम त्यास आनंद झाला. परंतु लागलीच मनांत आलें कीं, आतां तिचीं पिलें उपाशीं तडफडून मरतील. शेवटीं झाडावर चढून त्यानें तीं पिलेंहि आपल्या हातानें मारिलीं, कारण उपासमारीपेक्षां तें मरण बरें असें त्यास वाटलें. पुढें कित्येक तास तो खिन्न होता. आपल्या हातून झालेलें कृत्य केवळ एका दगडापाशीं थांबत नाहीं, हें तो त्या दिवशीं शिकला.

एकविसाव्या वर्षीं तो बापाचें शेत सोडून माउंट हॉली ह्या गांवीं एका दुकानदाराकडे नोकरीस राहिला. दुकान पाहणें आणि हिशेब ठेवणें हें त्याचें काम होतें. त्याचें अक्षर चांगलें होतें, आणि मजकुराची मांडणीहि त्यास येत असे. म्हणून लोक दस्तऐवज लिहून घेण्यास त्याजकडे येऊं लागले.

त्या काळची स्थिति वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. आफ्रिका खंडांतील माणसें धरून, जहाजांत कोंबून, अमेरिकेंत विकलीं जात. विकत घेणारा त्यांचा जन्मभर धनी होई, आणि त्यांच्या पोटीं जन्मलेलीं मुलेंहि त्याचीच मालमत्ता ठरत. कायद्याची ह्यास पूर्ण संमति होती. ख्रिस्ती लोक, इतकेंच काय, पण शांतिप्रिय म्हणून नांवाजलेले क्वेकर लोकहि गुलाम बाळगीत, आणि रविवारीं शांत मनानें उपासनेस बसत.

इ. स. १७४२ च्या सुमारास एके दिवशीं जॉनच्या धन्यानें आपली एक आफ्रिकन दासी विकली. गिऱ्हाईक दुकानांत थांबलेलें होतें. धन्यानें जॉनला विक्रीखत लिहावयास सांगितलें. जॉनचें मन एकदम चरकलें. आजपर्यंत त्यानें पीठ, मीठ आणि कापड ह्यांच्या पावत्या लिहिल्या होत्या. आज त्याच लेखणीनें एक स्त्री विकावयाची होती. परंतु लिहावयास सांगणारा त्याचा अन्नदाता होता, आणि विकत घेणारा आपल्याच पंथाचा एक वृद्ध गृहस्थ होता. जॉननें खत लिहिलें. मात्र धनी आणि तो वृद्ध ह्यांच्या देखत तो बोलला कीं, गुलाम बाळगणें हें ख्रिस्ती धर्माशीं जुळत नाहीं असें मला वाटतें. असें बोलल्यानें त्याच्या मनाचा भार थोडासा हलका झाला, पण गेला नाहीं. आपण स्पष्ट नकार द्यावयास पाहिजे होता, हें त्यास कळून चुकलें.

प्रिय वाचकहो, येथें थोडें थांबूं या. जॉन वूलमनच्या कार्याचा आरंभ विजयानें झाला नाहीं, तर एका लहानशा पराजयानें झाला. त्यानें मनांत एक मानिलें, तोंडानें तें बोलून दाखविलें, आणि हातानें दुसरेंच केलें. आपल्यांपैकीं पुष्कळांची स्थिति जन्मभर हीच राहते. जॉनची ती तशी राहिली नाहीं, एवढाच त्याचा आणि आपला भेद आहे. पुढें दुसऱ्या एका तरुण क्वेकरानें तशाच प्रकारचा कागद लिहून मागितला, तेव्हां त्यानें सौम्य शब्दांनीं, परंतु साफ, नाहीं म्हटलें.

पुढें तो शिंप्याचें काम शिकला आणि स्वतःचें दुकान चालवूं लागला. इ. स. १७४९ त सारा एलिस नांवाच्या बाईशीं त्याचा विवाह झाला, आणि पुढच्या वर्षीं त्यांस मेरी ही मुलगी झाली. शिवणकामासोबत तो लोकांचीं मृत्युपत्रें लिहून देत असे. हें काम किफायतीचें होतें, आणि त्यामुळें मोठ्या लोकांचा स्नेहहि जडत असे. परंतु मृत्युपत्रांत जमीन, गुरें आणि भांडीं ह्यांच्यासोबत गुलामहि मुलांस वांटून दिले जात. असला मजकूर वूलमन लिहीत नसे.

एकदां एका शेजाऱ्यास फार मार लागला, आणि त्याच्या शरीरांतून रक्त काढण्याकरितां वूलमनला बोलाविलें. तें झाल्यावर शेजाऱ्यानें मृत्युपत्र लिहावयास सांगितलें, आणि आपली तरुण दासी अमुक मुलास द्यावी असें त्यांत घालावयास सांगितलें. वूलमननें घरीं जाऊन बाकीचा सर्व मजकूर लिहिला. दासीचें कलम तेवढें सोडून दिलें. मग खाटेपाशीं बसून त्यानें तो कागद वाचून दाखविला आणि म्हणाला कीं, एका मनुष्यास गुलाम करणारा शब्द माझ्या हातून लिहवत नाहीं. एवढें जें लिहिलें आहे त्याचे पैसे मला नकोत, राहिलेलें तुम्ही दुसऱ्याकडून लिहवून घ्या. दुखणेकरी मनुष्य विचारांत पडला. दोघांचें पुष्कळ वेळ बोलणें झालें. शेवटीं त्यानें त्या मुलीस मुक्त करण्याचें कबूल केलें, आणि वूलमननें तें कलम आनंदानें लिहून मृत्युपत्र पुरें केलें.

त्या खोलींत कायदेमंडळ नव्हतें, सभा नव्हती, वर्तमानपत्र नव्हतें. एक दुखणेकरी, एक शिंपी आणि एक अपुरा कागद, एवढेंच होतें. परंतु एका मुलीचा जन्म त्या दिवशीं बदलला. वूलमननें शेजाऱ्यास शिव्या दिल्या नाहींत, आणि खोटेंहि लिहिलें नाहीं. त्यानें आपला नफा बाजूस ठेविला, आणि म्हणून त्याच्या बोलण्यास वजन आलें.

इ. स. १७४६ त त्यानें एका सोबत्याबरोबर व्हर्जिनिया व कॅरोलिना ह्या दक्षिणेकडील प्रांतांत सुमारें १५०० मैलांचा प्रवास केला होता. तेथें त्यानें पाहिलें कीं, श्रम सारे गुलामांकडे आणि आराम सारा धन्यांकडे. आणि ह्या रीतीनें धन्यांचीं मुलें आळशी व उद्दाम होत आहेत. परत आल्यावर त्यानें ह्या विषयावर एक निबंध लिहिला. तो पुष्कळ दिवस पडून होता. इ. स. १७५० त त्याचा बाप मरणाच्या खाटेवर असतांना त्यानें मुलास तो छापण्याविषयीं आग्रह केला, आणि इ. स. १७५४ त तो फिलाडेल्फिया येथें छापून निघाला. दुसरा भाग इ. स. १७६२ त निघाला. तो समाजाच्या निधीतून छापून फुकट वांटावा, असें पंथाच्या लोकांचें म्हणणें होतें. परंतु त्या निधींत गुलाम बाळगणाऱ्यांचाहि पैसा होता. म्हणून वूलमननें तो स्वतःच्या खर्चानें छापिला आणि नफा न घेतां विकला. मनुष्य दाम देऊन घेतलेलें पुस्तक अधिक वाचतो, हाहि त्याचा एक हिशेब होता.

तोंपर्यंत त्याचें दुकान चांगलें चालूं लागलें होतें. शिवणाच्या सामानापासून आरंभ करून तो कापडचोपडहि विकूं लागला होता, आणि आणखी वाढण्याची चिन्हें होतीं. आपल्यांस वाटेल कीं, प्रभूनें बरकत दिली. वूलमनला तें ओझें वाटलें. गरीब गिऱ्हाइकें न परवडणाऱ्या वस्तु उधारीवर नेतात आणि मग कर्जांत बुडतात, हें तो पाहत होता. शिवाय, धंदा जितका मोठा तितकें लोकांच्या मर्जीनें चालणें भाग पडतें. इ. स. १७५६ च्या सुमारास त्यानें व्यापार सोडून दिला, आणि केवळ शिवणकाम व बाग ह्यांवर निर्वाह चालविला. ज्यास थोडें पुरतें त्यास नाहीं म्हणावयास भय वाटत नाहीं, हें त्यानें ओळखिलें होतें.

इ. स. १७५७ त तो पुन्हां दक्षिणेकडे गेला. क्वेकर पंथाच्या फिरत्या उपदेशकास प्रत्येक घरीं फुकट जेवण व निजावयास जागा मिळत असे. परंतु तें अन्न गुलामांनीं शिजविलेलें, आणि तें बिछान्याचें कापड गुलामांनीं धुतलेलें असे. मी फुकट जेवलों म्हणजे त्यांची मजुरी मींच बुडविली, असें वूलमनला वाटलें. म्हणून त्यानें चांदीचीं लहान नाणीं सोबत घेतलीं. निघतांना घरधन्यास एकीकडे बोलावून तो तीं नाणीं त्याच्या हातांत देई, आणि ज्या चाकरांना देणें योग्य वाटेल त्यांना तीं द्यावीं अशी विनंति करी. कधीं कधीं तो स्वतःच्या हातानें चाकरांस देई. धनी पुष्कळदां मोठा श्रीमंत असे, आणि हें करितांना वूलमनला फार संकोच वाटे. परंतु त्याजवर क्वचितच कोणी रागावला. त्या नाण्यांची किंमत फार नव्हती. पण चाकराच्या श्रमास मोल आहे, ही गोष्ट त्या घरीं उघड झाली.

ह्याच काळांत बेंजामिन ले नांवाचा दुसरा एक क्वेकर गुलामगिरीविरुद्ध उभा राहिला होता. त्याची रीत निराळी होती. इ. स. १७३८ त पंथाच्या वार्षिक सभेंत त्यानें तांबड्या रसानें भरलेली पिशवी पोकळ केलेल्या पुस्तकांत लपवून आणिली, आणि तींत तलवार खुपसून गुलामांच्या धन्यांवर रक्तासारखा तो रस उडविला. पंथानें त्यास बाहेर टाकिलें. ले ह्याचें म्हणणें खरें होतें, आणि त्याचें धैर्यहि मोठें होतें; आम्ही त्यास दोष देत नाहीं. कोणी हाक मारून झोपलेल्यांस जागें करावें, आणि कोणी जागे झालेल्यांच्या शेजारीं बसून बोलावें, अशीं दोन्ही कामें असतात. वूलमनच्या वांट्यास दुसरें काम आलें.

इ. स. १७५८ त फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेंत हा विषय पुढें आला. कोणी उघडपणें गुलामगिरीचें समर्थन केलें नाहीं. परंतु पुष्कळांचें म्हणणें पडलें कीं, अजून वेळ आली नाहीं. धीर धरावा, प्रभु आपल्या वेळीं मार्ग दाखवील. हें बोलणें ऐकावयास फार धार्मिक वाटतें. वूलमन पुष्कळ वेळ गप्प बसला होता. शेवटीं तो उठला. गुलामांचा आक्रोश देवाच्या कानीं पोहोंचला आहे, आणि कांहीं लोकांच्या स्वार्थाकडे पाहून आपण आपलें कर्तव्य लांबणीवर टाकूं, तर देव भयंकर रीतीनें ह्याचें उत्तर देईल, अशा आशयाचें तो बोलला. सभेचें मन वळलें. जे कोणी गुलामांची खरेदीविक्री करितील त्यांस पंथाच्या कारभारांत भाग देऊं नये असें ठरलें. आणि गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरोघरीं जाऊन बोलण्यासाठीं पांच जण नेमिले. त्यांत वूलमन होता. मग पुष्कळ दिवस तो दारोदार हिंडला. ज्यांच्याशीं लहानपणापासून स्नेह, त्यांच्याच घरीं जाऊन, त्यांच्याच पोटावर येणारी गोष्ट बोलावयाची, हें काम त्यास फार कठीण गेलें.

आतां कोणी म्हणेल कीं, हा मनुष्य केवळ वैयक्तिक वर्तनावर भर देणारा होता. कायद्याशीं त्यास कर्तव्य नव्हतें. तसें नाहीं. इ. स. १७६० त तो ऱ्होड आयलंड प्रांतांतील न्यूपोर्ट बंदरीं गेला. तें बंदर गुलामांच्या व्यापारानें श्रीमंत झालें होतें, आणि तेथील क्वेकरांचाहि त्यांत हात होता. हें पाहून वूलमनची अन्नावरची वासना उडाली. प्रांतांत नवे गुलाम आणण्यास कायदेमंडळानें आळा घालावा अशा अर्थाच्या अर्जाचा मसुदा त्यानें स्वतः तयार केला, आणि पंथाच्या सभेपुढें तो विषय मांडिला. परंतु अर्ज देऊन तो तेथून निघून गेला नाहीं. गांवांतील गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांस एका घरीं एकत्र बोलावून त्यानें त्यांच्याशीं शांतपणें भाषण केलें. अर्ज लिहिला त्या दिवसांतच तो शेजाऱ्यांच्या दारींहि उभा राहिला. ह्याच ऱ्होड आयलंड प्रांतानें पुढें इ. स. १७७४ त गुलाम आणण्याविरुद्ध कायदा केला.

पुढें पुढें त्याचें वर्तन लोकांस विचित्र वाटूं लागलें. साखर, काकवी आणि रम दारू हे जिन्नस वेस्ट इंडीज बेटांतील गुलामांच्या श्रमांनीं तयार होत. ते त्यानें वर्ज्य केले. रंगविलेलें कापड तो वापरीनासा झाला. कारण रंग मळ झांकतो, आणि मळ धुवून काढावा, झांकूं नये, असें त्याचें मत होतें. इ. स. १७६२ पासून तो बिनरंगी टोपीहि घालूं लागला. नेमकी त्या वेळीं पांढऱ्या टोपीची चैनी लोकांत चाल पडली होती, म्हणून कांहींनीं त्यास चैनी ठरविलें, आणि कांहीं जुने मित्र त्याजपासून दूर राहूं लागले. दासांप्रमाणें आपणहि पायीं चालावें, म्हणजे त्यांच्या स्थितीची जाणीव राहील, म्हणून मेरीलंड प्रांतांत तो पायीं फिरला.

येथें आम्हीं प्रामाणिकपणें एक गोष्ट सांगितली पाहिजे. वूलमननें साखर सोडिली म्हणून वेस्ट इंडीजमधील एकहि मळा बंद पडला नाहीं. त्याच्या पांढऱ्या टोपीनें कोणा गुलामाची बेडी तुटली नाहीं. जो मनुष्य आपल्या पथ्यासच न्याय समजतो, तो वूलमनचें चरित्र चुकीचें वाचतो. मग त्याचा उपयोग काय झाला? उपयोग हा कीं, त्याच्यापुढें बसलेल्या धन्यास, हा मनुष्यहि आमच्याच गुलामांच्या जिवावर खातो, असें म्हणावयास जागा राहिली नाहीं. उपदेश टाळण्यास माणसें उपदेशकाचें वर्तन शोधतात. वूलमनपाशीं त्यांस तसें कांहीं सांपडेना, म्हणून त्यांस उपदेशाचाच विचार करणें भाग पडलें.

परंतु त्याच्या स्वतःच्या हिशेबीं मात्र एक दोष राहिला होता. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका मृत मनुष्याच्या मालमत्तेचा व्यवस्थापक म्हणून त्यानें, दुसऱ्या व्यवस्थापकाबरोबर, एका आफ्रिकन मुलास तीस वर्षांचा होईपर्यंत चाकरीस विकलें होतें, आणि तो पैसा वारसांस दिला होता. कायद्यानें ह्यांत कांहीं वावगें नव्हतें, आणि ती गोष्ट कोणी काढीतहि नव्हतें. पण इ. स. १७६९ च्या सुमारास हें पाप त्याच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें. गोरा मुलगा एकवीस वर्षांचा झाला म्हणजे मोकळा होतो. मग ह्यास तीस वर्षेंपर्यंत कां बांधिलें? त्यानें केवळ पश्चात्तापाची प्रार्थना करून विषय मिटविला नाहीं. त्या मुलाच्या चाकरीच्या शेवटच्या साडेचार वर्षांचें जें योग्य मोल ठरेल, तें आपण अथवा आपल्यामागें आपले वारस धन्यास देतील, असें त्यानें बंधपत्र लिहून दिलें. ज्या लेखणीनें तरुणपणीं विक्रीखत लिहिलें, तिनेंच त्यानें आतां स्वतःस बांधून घेतलें. जक्कयाची गोष्ट आपण मंडळींत कितीदां सांगतों! येथें एका शिंप्यानें ती आचरून दाखविली.

इ. स. १७७२ च्या मे महिन्यांत तो इंग्लंडला जावयास निघाला. जहाजांतील वरच्या खोल्या नक्षीकाम केलेल्या होत्या. त्या शोभेच्या खर्चांत आपण भागीदार होऊं नये, म्हणून तो खालीं खलाशांच्या जवळ कोंदट जागेंत राहिला. तेथें त्यानें जहाजावरील लहान पोरांचे हाल जवळून पाहिले. जून महिन्यांत तो लंडनला पोहोंचला. बिनरंगी कपड्यांतील हा मनुष्य पाहून तेथील क्वेकर मंडळी प्रथम बिचकली. त्यास परत जावें असेंहि सुचविण्यांत आलें, असें सांगतात. तेव्हां तो रडला. परंतु मी तुमच्यावर भार टाकणार नाहीं, मला शिवणकाम येतें, तें द्या, म्हणजे मी पोट भरीन, एवढेंच बोलला. पुढें सभेंत त्याचें भाषण ऐकिल्यावर त्यांचीं मनें निवळलीं.

लंडनहून तो उत्तरेस यॉर्क शहराकडे पायीं निघाला. त्या काळीं टपालगाड्या इतक्या वेगानें हांकीत कीं, घोडे मरत आणि टपाल नेणारीं पोरें थंडीनें गारठून जात. म्हणून तो त्या गाडींत बसला नाहीं, आणि आपणांस टपालानें पत्रें पाठवूं नयेत असें त्यानें मित्रांस कळविलें. वाटेनें तो मजुरांचे दर, धान्याचा भाव आणि घरभाडें हीं विचारून रोजनिशींत लिहीत गेला. सप्टेंबर महिन्यांत तो यॉर्क येथें पोहोंचला. थोड्याच दिवसांत त्यास देवी आल्या, आणि इ. स. १७७२ च्या आक्टोबर महिन्याच्या ७ व्या तारखेस तो प्रभूकडे गेला. घरापासून हजारों मैल दूर, यॉर्क येथेंच, त्यास पुरिलें. त्याचें वय ५२ वर्षें होण्यास थोडे दिवस उरले होते.

तो मेला तेव्हां अमेरिकेंतील एकाहि प्रांतानें गुलामगिरी बंद केली नव्हती. त्याचें पीक मागून आलें. इ. स. १७७४ त त्याची रोजनिशी छापून निघाली. इ. स. १७७६ त फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनीं ठरविलें कीं, जो गुलामांस मुक्त करणार नाहीं तो आपल्या पंथाचा नव्हे. इ. स. १७८० त पेन्सिल्व्हेनियानें गुलामगिरी हळूहळू नाहींशी करण्याचा कायदा केला. इ. स. १७८३ त इंग्लंडच्या क्वेकरांनीं पार्लमेंटास गुलामांच्या व्यापाराविरुद्ध अर्ज केला. इ. स. १७८७ त लंडन येथें हा व्यापार बंद करविण्यासाठीं जी बारा जणांची कमिटी झाली, तींत नऊ जण क्वेकर होते. तिचें म्हणणें विल्बरफोर्ससाहेबांनीं पार्लमेंटांत मांडिलें, इ. स. १८०७ त व्यापार बंद झाला, आणि इ. स. १८३३ त ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी बंद करण्याचा कायदा झाला. अमेरिकेंत मात्र मोठें यादवी युद्ध होऊन इ. स. १८६५ त गुलाम मोकळे झाले.

ह्यावरून दोन्ही पक्षांच्या बंधूंनीं धडा घ्यावा. केवळ वर्तन पुरे, असें म्हणणाऱ्यांनीं पाहावें कीं, वूलमनच्या रीतीनें थोडीं घरें पालटलीं. लाखों गुलामांच्या बेड्या तोडावयास कायदाच लागला. दासीनें धन्याचें हृदय पालटेपर्यंत वाट पाहावी, असें सांगण्याचा आपणांस अधिकार नाहीं. आणि केवळ कायदा पुरे, असें म्हणणाऱ्यांनीं पाहावें कीं, ज्यांनीं पार्लमेंटाकडे पहिला अर्ज केला, त्यांच्या पंथानें त्याआधीं आपल्या घरांतील गुलामांचा प्रश्न सोडविण्यास हात घातला होता. घरीं दासी ठेवून मुक्तीचा अर्ज लिहिला असता, तर त्यावर कोणी विश्वास ठेविला असता?

आपल्या देशांतहि कायदे झाले आहेत. इ. स. १८४३ च्या पांचव्या कायद्यानें गुलामगिरीस न्यायालयांचा असलेला आधार काढून घेतला. इ. स. १९५० पासून राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नाहींशी केली. इ. स. १९७६ च्या कायद्यानें कर्जापायीं माणसास राबविणारी वेठबिगारी रद्द केली. हे कायदे आपले मोठें धन आहेत. ते मिळविण्यास ज्यांनीं श्रम केले त्यांचे आपण ऋणी आहों. जेथें ते मोडले जातात तेथें अर्ज करावा, साक्ष द्यावी, आणि भिऊं नये. परंतु कायदा आपल्या उंबरठ्याच्या आंत येऊन आपल्या पंक्ती लावीत नाहीं. मंडळींत कोण कोणाच्या घरीं पाणी पितो, लग्न जुळवितांना जुन्या जातीची चौकशी होते कीं नाहीं, शेतांत राबलेल्या बाईस पुरुषाइतकी मजुरी मिळते कीं नाहीं, ह्या गोष्टी आपल्याच हातांत आहेत.

उपदेशक बंधूंस आमची विशेष विनंति आहे. तुमचें अक्षर चांगलें आहे, म्हणून गांवचे लोक कागद लिहून घेण्यास तुमच्याकडे येतात. एखाद्या दिवशीं एखादा असा कागद येईल कीं, ज्यांत कोणा गरिबाची जमीन, मजुरी अथवा मुलाचें बालपण विकलें जात असेल. लिहावयास सांगणारा कदाचित् मंडळींतील वजनदार वृद्धच असेल, आणि तुमची भाकर कांहीं अंशीं त्याच्या हातीं असेल. त्या वेळीं माउंट हॉलीच्या दुकानांतील तो तरुण आठवा. आणि जर पूर्वीं कधीं तुमच्या हातून असा कागद लिहिला गेला असेल, तर निराश होऊं नका. त्याच तरुणानें वृद्धपणाकडे झुकल्यावर काय केलें, तेंहि आठवा. जें मोल राहिलें असेल तें मोजा, आणि फेडावयास लागा. जो प्रभु त्यास बळ देत होता, तो तुम्हांसहि देवो.